पातक, प्रायश्चित्त आणि पंगत

मनुष्याच्या हातून पाप घडते, ही गोष्ट सर्वच धर्मांनी गृहीत धरलेली आहे. परंतु ते पाप केवढे, ते धुऊन निघते किंवा नाही, आणि निघत असल्यास ते धुतले गेले असे सांगण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांपाशी वाटा फुटतात. आपल्या धर्मशास्त्रकारांनी पहिल्या दोन प्रश्नांचा अतिशय बारीक खल केला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले खरे, पण ते दुहेरी दिले. आणि त्या दुहेरीपणातूनच महाराष्ट्रात दोन मोठी प्रकरणे उद्भवली. दोन्ही पुण्यातच घडली. एकाच्या मुळाशी एका अठरा वर्षांच्या मुलाचा खून होता, तर दुसऱ्याच्या मुळाशी चहाचा पेला.

प्रथम शास्त्राची बाजू पाहू. मनूने महापातके पाच सांगितली आहेत. ब्रह्महत्या, सुरापान, सुवर्णाची चोरी आणि गुरुपत्नीगमन ही चार. आणि असे पातक करणाऱ्याशी वर्षभर संसर्ग ठेवणे हे पाचवे. त्यांच्याखाली उपपातकांची लांबलचक यादी आहे. गोवध त्या यादीत पडतो हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. विष्णुधर्मसूत्रकाराने तर पापांचे एकंदर नऊ वर्ग पाडून, कोणत्याही वर्गात न बसणाऱ्या किरकोळ पापांना ‘प्रकीर्णक’ असे नावही देऊन ठेवले आहे. एखाद्या दक्ष कारकुनाने दप्तर लावावे त्याप्रमाणे ही सारी व्यवस्था आहे.

पापाच्या वजनाप्रमाणे प्रायश्चित्ताचे वजन. अजाणता ब्रह्महत्या घडली तर बारा वर्षे अरण्यात झोपडी बांधून, मृताची कवटी खूण म्हणून जवळ बाळगून, भिक्षेवर राहावे. सुरापान करणाऱ्याने उकळती सुरा पिऊन देह ठेवावा. सोने चोरणाऱ्याने स्वतःच मुसळ घेऊन राजापुढे जावे, आपला अपराध मोठ्याने सांगावा आणि राजाने ते मुसळ त्याच्यावर हाणावे. लहान पातकांसाठी कृच्छ्र आणि चांद्रायण. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचे असते: तीन दिवस फक्त सकाळी जेवावयाचे, तीन दिवस फक्त रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच खावयाचे आणि शेवटचे तीन दिवस निराहार. चांद्रायणात चंद्राच्या कलेबरोबर घास कमी-अधिक होतात. पौर्णिमेला पंधरा, अमावास्येला शून्य. ऐंशी वर्षांवरील वृद्ध, सोळा वर्षांखालील मुले, स्त्रिया व रोगी यांना निम्मे प्रायश्चित्त पुरे, अशी दयाही शास्त्रकारांनी दाखविली आहे.

दयेबरोबर निर्दयताही आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. क्षत्रियाला मारले तर ब्रह्महत्येच्या चौथ्या हिश्श्याचे प्रायश्चित्त, वैश्याला मारले तर आठव्या आणि शूद्राला मारले तर सोळाव्या हिश्श्याचे! प्राण सर्वांचा सारखाच जातो. पण या तराजूत त्याचे वजन जातीप्रमाणे बदलते. या तराजूचा बचाव करणारी पुष्कळ पांडित्यपूर्ण विवेचने झाली आहेत. त्यांपैकी एकानेही शंकेचे समाधान होत नाही.

तरीही त्याच मनूने एक फार उदात्त गोष्ट सांगून ठेवली आहे, तिचे विस्मरण होऊ नये. पापी मनुष्य आपले पाप स्वतःच्या तोंडाने सांगतो, त्याचे मन त्या कृत्याची निंदा करू लागते, तसतसा तो, साप कातेतून सुटावा तसा, त्या पापातून सुटत जातो, असे त्याचे म्हणणे आहे. पश्चात्ताप झाला आणि पुन्हा असे करणार नाही असा निश्चय झाला, की शुद्धी झाली. येथे पंगत नाही, दक्षिणा नाही, आणि साक्षीदारही नाही.

मग दुहेरीपणा कोठे आला? तो याज्ञवल्क्याच्या एका वचनात आहे, आणि त्यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरेत केलेली चर्चा फार महत्त्वाची आहे. हा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात, अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्याच्या आरंभी होऊन गेला. वचनाचा आशय असा की, अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते. जाणूनबुजून केलेल्या पापाचा कर्ता मात्र प्रायश्चित्त केल्याने केवळ ‘व्यवहार्य’ होतो. व्यवहार्य म्हणजे लोकांनी ज्याच्याशी बोलावे, बसावे, जेवावे असा. म्हणजे पापाच्या दोन शक्ती मानल्या आहेत. एक नरकात लोटणारी, दुसरी समाजातून बाहेर काढणारी. प्रायश्चित्ताने दुसरी शक्ती नाहीशी झाली तरी पहिली शिल्लक राहू शकते. समाजाने क्षमा केली म्हणून ईश्वराने केली असे होत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात पातक व प्रायश्चित्त या विषयांचा साकल्याने परामर्श घेतला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

प्रायश्चित्त सांगावयाचे कोणी? तर विद्वानांच्या परिषदेने. मोठे पातक असेल तर राजाची अनुमती घेऊन. येथे पराशराने परिषदेच्या डोक्यावर एक तलवार टांगून ठेवली आहे. शास्त्र न जाणता जे प्रायश्चित्त सांगतात, त्यांच्याकडे ते पाप शतपट होऊन जाते, असे तो बजावतो. न्याय देणाऱ्यावर एवढी जोखीम टाकणारा नियम इतरत्र सहसा आढळत नाही. पुढे मात्र काळ पडत गेला तसे बारा दिवसांचे उपवास लोकांना जड जाऊ लागले आणि ‘प्रत्याम्नाय’ पुढे आला. म्हणजे एका प्राजापत्याऐवजी एक गाय द्यावी, गाय नसेल तर गाईचे मोल द्यावे. ही सोय दुर्बळांसाठी होती. तिचा फायदा धनिकांनी घेतला. भागवताच्या सहाव्या स्कंधात परीक्षित राजा विचारतो की, माणूस पाप करतो, प्रायश्चित्त करतो आणि पुन्हा पाप करतो, तर हे हत्तीच्या स्नानासारखेच व्यर्थ नव्हे काय? हत्ती न्हाऊन बाहेर येतो आणि लगेच अंगावर धूळ उडवून घेतो. त्याच ठिकाणी अजामिळाची कथा आली आहे. पुढे वारकरी संतांनी नाममाहात्म्याची वाट सर्वांसाठी मोकळी केली, ती याच धाग्याने. ज्याच्या गाठी गाय नाही आणि गाईचे मोलही नाही, त्यालाही जिभेवर नाम ठेवता येत होते.

व्यवहार्यता देणे समाजाच्या हाती, आणि समाजाला वाकविणे समर्थ राजाच्या हाती, याचे एक चांगले उदाहरण शिवकालात सापडते. शिवछत्रपतींचे सरनोबत नेताजी पालकर यांना औरंगजेबाने १६६७ साली मुसलमान करून मुहंमद कुलीखान बनविले. ते नऊ वर्षांनी, १६७६ साली परत आले, तेव्हा त्यांना प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात घेण्यात आले. देवलस्मृतीत बळजबरीने भ्रष्ट झालेल्यांसाठी शुद्धीचे विधान आहेच; पण ग्रंथात विधान असणे वेगळे आणि ते अमलात आणण्याची छाती असणे वेगळे.

आता पुण्याकडे वळू. शके १६९५ च्या भाद्रपदात, ३० ऑगस्ट १७७३ रोजी भर दुपारी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे गारदी आणि तुळाजी पवार ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. पुतण्या काकाच्या गळ्यात पडला असता तेथेच त्याला मारले, आणि त्याला वाचवावयास आडवा पडलेला चापाजी टिळेकरही ठार झाला. रघुनाथराव पेशवे झाले. चौकशी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चालविली, आणि तिचा माग रघुनाथरावांच्या दारापर्यंत गेला.

‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका मुलांनाही तोंडपाठ असते. रघुनाथरावांनी ‘धरावे’ असे लिहिले आणि आनंदीबाईने त्याचे ‘मारावे’ केले, ही गोष्ट खरी की रचलेली याविषयी इतिहाससंशोधकांत मतभेद आहेत, आणि आनंदीबाईवर तो आरोप करण्यास भक्कम आधार नाही, असेच पुष्कळांचे मत आहे. परंतु धर्मशास्त्राच्या दृष्टीने या आख्यायिकेचा अर्थ निराळाच आहे. ‘धरावे’ एवढीच आज्ञा असेल तर झालेला वध रघुनाथरावांच्या इच्छेविरुद्ध झाला, म्हणजे पाप अकामतः घडले. मग बारा वर्षांचे का होईना, प्रायश्चित्त आहे. ‘मारावे’ अशी आज्ञा असेल तर ते सकाम पाप. आणि बुद्धिपुरस्सर केलेल्या ब्रह्महत्येला निष्कृती नाही असे मनूने स्पष्ट सांगितले आहे. एका अक्षराच्या फरकावर एका माणसाचा परलोक टांगलेला होता. लोकांनी ही कथा इतक्या आवडीने का जपली, त्याचे कारण कदाचित यातच असावे.

ग्रँट डफने १८२६ साली आपल्या इतिहासात या प्रसंगाची जी हकीकत दिली आणि पुढे मराठी लेखकांनी जी विस्तारली, ती अशी. रघुनाथरावांनी आपला काही अंशी संबंध मान्य करून, याला प्रायश्चित्त कोणते असे शास्त्रीबोवांना विचारले. शास्त्रीबोवांनी उत्तर दिले की, याला देहान्त प्रायश्चित्त. आपला प्राण दिल्यावाचून हे पाप फिटावयाचे नाही, आणि आपण राज्यावर आहात तोवर पुण्यात पाऊल ठेवणार नाही. एवढे बोलून ते निघून गेले. शब्द नेमके हेच होते की काय, हे सांगावयास आज साधन नाही. मात्र रघुनाथरावांच्या कारकिर्दीत त्यांनी पद सोडले आणि बारभाईंचा अंमल बसल्यावर ते पुन्हा न्यायासनावर आले, याविषयी शंका नाही. १७८९ साली ते वारले.

या उत्तरात केवळ निर्भयता पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती होतीच. पण रामशास्त्री हे मनाला येईल ते बोलणारे बंडखोर नव्हते. ते शास्त्र बोलत होते. चांद्रायणे, गोदाने, ब्राह्मणभोजने यांची एखादी मोठी यादी करून देणे त्यांना अवघड नव्हते, आणि तिजोरी ज्याच्या हाती त्याला ती पुरी करणेही अवघड नव्हते. तसे झाले असते तर रघुनाथराव ‘व्यवहार्य’ ठरले असते. शास्त्रीबोवांनी नाकारली ती ही व्यवहार्यता. पराशराने सांगितलेले शतपट पाप आपल्या माथी घ्यावयास ते तयार झाले नाहीत, असेही म्हणता येईल. रघुनाथरावांनी देह ठेवला नाही. त्यांनी इंग्रजांचा आश्रय केला, पहिले इंग्रज-मराठा युद्ध ओढवून घेतले आणि १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावी ते निवर्तले.

त्याच रघुनाथरावांचे एक उपप्रकरण आहे. त्यांनी इंग्रजांची मदत मागण्यासाठी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील विलायतेस धाडला होता, आणि त्याच्याबरोबर एक पारशी गृहस्थ होता. १७८१ साली एडमंड बर्कने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि हणमंतरावाला सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतील काचगृह मोकळे करून दिले. रघुनाथरावांच्या विलायतेस गेलेल्या ब्राह्मण वकिलांना परत आल्यावर समुद्रगमनाच्या पातकासाठी सोन्याच्या योनीतून बाहेर काढून त्यांचा पुनर्जन्म करविला, असे एका इंग्रज लेखकाने नमूद केले आहे. धन्याच्या पापाला सोने चालले नाही. वकिलांच्या पापाला ते चालले. यात विसंगती वाटेल, पण ती नाही. एक पाप परमेश्वराच्या दारचे होते आणि दुसरे पंगतीच्या दारचे.

पेशवाई बुडाल्यावर राजाची अनुमती ही गोष्टच उरली नाही. इंग्रज सरकार प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडत नसे. त्यामुळे व्यवहार्यता देणे न देणे सर्वस्वी जातीच्या आणि मठाच्या हाती गेले. याचा पहिला कडू अनुभव १८४३ साली मुंबईत आला. नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाला, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला. मुलगा अल्पवयी म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. परंतु मिशनऱ्यांकडचे अन्न खाल्लेला हा पोर जातीत घ्यावयाचा कसा? बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त मिळावे म्हणून झगडले, तर सनातन्यांनी बाळशास्त्र्यांवरच शस्त्र धरले. मुलाच्या मनात पाप होते काय, त्याला कळत होते काय, त्याचे वय केवढे, यांपैकी काहीच कोणी विचारात घेईना. निम्म्या प्रायश्चित्ताची सवलत सांगणारे शास्त्र पोथीतच राहिले.

आणि मग पंचहौदाचे प्रकरण. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण होते. भाषणे झाली, आणि त्यानंतर मिशनच्या बायांनी चहा व बिस्किटे पुढे आणली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती घेऊन खाली ठेवला, कोणी तोही घेतला नाही. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. हे सारे कदाचित विसरले गेले असते; पण डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव जोशी हेही तेथे होते. या विक्षिप्त गृहस्थांना दोन्ही पक्षांची फजिती करण्याची भारी हौस. त्यांनी चाळीसांवर नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली, आणि शहरात एकच खळबळ उडाली.

सनातन पक्षाचे पुढारी बाळासाहेब नातू यांनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले. आचार्यांनी चौकशीसाठी शास्त्र्यांचे कमिशन नेमले, आणि कोणी किती घोट घेतले याची रीतसर विचारणा सुरू झाली. कोणत्याही स्मृतीत चहाचा उल्लेख नाही, बिस्किटाचा तर नाहीच. तेव्हा हे पातक कोणत्या वर्गात घालावे यावर पुष्कळ काथ्याकूट झाली. ज्या धर्मात ब्रह्महत्या आणि सुवर्णस्तेय यांचा विचार करता करता ऋषींनी रात्री घालविल्या, त्या धर्माच्या पंडितांना दुधात शिजलेल्या पानांच्या पाण्यावर निर्णय लिहावा लागला!

हसू येते खरे. पण ज्यांच्यावर प्रसंग आला त्यांना हसू येण्यासारखे नव्हते. ग्रामण्य म्हणजे काय असते, हे आजच्या शहरी कुटुंबांना कल्पनेनेच जाणावे लागेल. श्राद्धाला ब्राह्मण मिळावयाचा नाही, मुंजीला उपाध्या यावयाचा नाही, लेक माहेरी येऊ शकणार नाही, आणि ठरलेली सोयरीक मोडेल. यात सापडत ते चहा पिणारे पुरुष थोडे, आणि त्यांच्या आया, बायका व बहिणी अधिक. टिळकांसारख्या खंबीर माणसालाही घरच्या कार्याला माणसे मिळविताना त्रास पडला.

टिळकांनी मार्ग काढला तो त्यांच्या स्वभावाला साजेसा. कमिशनपुढे त्यांनी शास्त्राच्याच भाषेत वाद घातला आणि आपण काशीस सर्वप्रायश्चित्त घेतले असल्याचा दाखला पुढे केला. सनातन्यांच्या हातचे हत्यार त्यांनी सनातन्यांवरच उलटविले. चहा पिणे हे पाप आहे असे त्यांना मनापासून वाटत होते, असे त्यांचा कट्टर भक्तही म्हणणार नाही. त्यांना समाजाला बरोबर घेऊन चालावयाचे होते, आणि त्यासाठी द्यावी लागणारी किंमत त्यांनी दिली.

रानड्यांची गोष्ट अधिक करुण आहे. ते बहिष्काराला नवखे नव्हते. पुनर्विवाहाच्या चळवळीत त्यांनी तो सोसला होता. स्वतःपुरते ते हलले नसते. परंतु त्यांच्या मंडळींपैकी काहींच्या घरी बहिष्काराने फार हाल चालले होते. एका मित्राचे वृद्ध वडील दुःखाने झुरत होते, आणि रानड्यांनी घेतले तर आपणही प्रायश्चित्त घेऊ असे तो मित्र म्हणत होता. १८९२ च्या उन्हाळ्यात रानडे लोणावळ्यास होते. तेथून ते पुण्यास आले, इतरांबरोबर प्रायश्चित्त घेतले, आणि परत गेले. रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा प्रसंग मोकळेपणाने लिहिला आहे, आणि ही गोष्ट आपल्याला पटली नाही हेही लपविलेले नाही. सुधारकांनी टीकेचा भडिमार केला. सामाजिक परिषदेचा अध्वर्यूच पंचगव्य पितो, मग इतरांनी कोणाकडे पाहावे, हा त्यांचा प्रश्न गैरवाजवी म्हणता यावयाचा नाही.

तथापि याज्ञवल्क्याचे वचन येथे लावून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. शास्त्राने कल्पना केली होती ती अशा माणसाची, की ज्याचे पाप खरे आहे, समाज त्याला पंगतीला घेईल, पण परमेश्वराच्या दारी ते शिल्लकच राहील. रानड्यांच्या बाबतीत हे सगळेच उलटले. त्यांची नित्याची प्रार्थना आणि ईश्वरनिष्ठा सर्वांना ठाऊक होती. परमेश्वराच्या दारी काही शिल्लक असल्याचे त्यांना वाटतच नव्हते. जे राहिले होते ते फक्त व्यवहार्यतेचे, आणि तेसुद्धा दुसऱ्याच्या घरातल्या पंगतीचे. क्षमा त्यांनी मागितली नाही. एका म्हाताऱ्याचे दुःख हलके केले. ते चुकले की बरोबर वागले याविषयी मतभेद राहतील. परंतु याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी, त्या म्हाताऱ्याच्या ओसरीवर क्षणभर बसून मग बोलावे.

आचार्यांच्या कमिशनचे काम संपले तरी पुण्यातील ग्रामण्य लगेच मिटले नाही. प्रायश्चित्त घेतलेले, न घेतलेले, आणि घेतलेल्यांशीही न जेवणारे, अशी तीन तटे काही वर्षे राहिली. दरम्यान लोकांना विलायतेस जाणे भाग पडू लागले. गोखले १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यावयास गेले. पुढे १९१८ साली स्वतः टिळकही चिरोल खटल्यासाठी समुद्र ओलांडून लंडनला गेले, तेथे वर्षभराहून अधिक राहिले, आणि १९१९ च्या अखेरीस परत आल्यावर त्यांनी पुन्हा एकदा प्रायश्चित्त घेतले. या वेळी मात्र कमिशन बसले नाही. आणि घरोघरी चहा होऊ लागला होता.